मिठाला पाणी का सुटते?

तुमच्या स्वयंपाकघरात एक शास्त्रीय उपकरण फुकट ठेवलेले आहे. ते म्हणजे मिठाची बरणी! पावसाळा लागला, की नवी मुंबईतल्या घराघरांत मिठाला पाणी सुटते. हे पाणी मिठातूनच बाहेर येते असे पुष्कळांना वाटते; पण ते येते हवेतून. सभोवतालच्या हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली, की शुद्ध मीठ हवेतली वाफ ओढून घेते आणि त्या पाण्यात विरघळू लागते. मिठात मॅग्नेशियमचे क्षार मिसळलेले असतील, तर ते त्याही आधी ओलावते.

आता ही गोष्ट लक्षात घ्या. भिंतीलगतच्या हवेची आर्द्रता बरेच दिवस ८० टक्क्यांच्या आसपास राहिली, तर भिंतीवर बुरशी धरते. म्हणजे मिठाला सुटलेले पाणी ही बुरशीची आगाऊ वर्दीच होय. बुरशीने वह्या-पुस्तके आणि चपला खराब होतात, एवढ्यावरच भागत नाही. तिचे सूक्ष्म बीजाणू श्वासावाटे आत गेले, की दम्याच्या रोग्याचा त्रास वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेने तर २००९ साली घरातील ओल आणि बुरशी या विषयावर स्वतंत्र मार्गदर्शिकाच प्रसिद्ध केली.

सापेक्ष आर्द्रता म्हणजे काय बरे? ३० अंश सेल्सियस तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम वाफ मावते. २० अंशांना जेमतेम १७ ग्रॅम. मावू शकणाऱ्या वाफेच्या मानाने प्रत्यक्षात वाफ किती आहे, हे टक्क्यांत सांगितले, की ती झाली सापेक्ष आर्द्रता. म्हणून नुसत्या टक्क्यांवर जाऊ नका, ग्रॅम विचारा!

नवी मुंबईच्या पश्चिमेला ठाण्याची खाडी आहे, पूर्वेला पारसिकचे डोंगर आहेत आणि नैऋत्येचा वारा अरबी समुद्रावरची वाफ घेऊन येतो. इथले तीन दिवस उदाहरणादाखल घेऊ. जानेवारीतल्या दुपारी तापमान ३० अंश आणि आर्द्रता ४५ टक्के असेल, तर घनमीटरमागे वाफ होते सुमारे १४ ग्रॅम. मे महिन्यात ३३ अंश आणि ६५ टक्के असताना ती होते २३ ग्रॅम. जुलैच्या भर पावसात २६ अंश आणि ९५ टक्के असताना किती? तीही २३ ग्रॅमच! मे आणि जुलैच्या टक्क्यांत एवढा फरक, पण वाफ मात्र सारखीच.

पावसात खिडक्या उघडाव्यात की मिटाव्यात, हा प्रश्न आता हिशेबाने सुटतो. बाहेरची ही २३ ग्रॅमवाली हवा ३० अंश तापमानाच्या खोलीत आली, की तिची आर्द्रता ९५ वरून ७६ टक्क्यांवर उतरते. उलट खिडक्या मिटून आत स्वयंपाक, आंघोळी आणि कपडे वाळवणे चालले असेल, तर खोलीतली वाफ २६ ग्रॅमपर्यंत सहज चढते. म्हणजे झाले ८५ टक्के! अशा वेळी पावसाचे शिंतोडे आत येणार नाहीत इतपत खिडकी उघडी ठेवणेच फायद्याचे.

आता ओल्या कपड्यांकडे वळू. तीन मीटर रुंद, चार मीटर लांब आणि तीन मीटर उंच अशा खोलीत ३६ घनमीटर हवा असते. ३० अंशांना तिच्यात फार तर १.१ किलो वाफ मावेल. बादलीभर पिळलेल्या कपड्यांत मात्र दोन लिटर पाणी असू शकते. दारे-खिडक्या लावून पंखा सोडला, तर कपड्यांतले पाणी लवकर हवेत जाईल. पण खोलीतले पाणी एक ग्रॅमनेही कमी होणार नाही. म्हणून कपडे एकाच खोलीत वाळवा, तिचे आतले दार लावा आणि खिडकी उघडी ठेवा.

काही जण घर कोरडे व्हावे म्हणून गॅसची शेगडी पेटवून ठेवतात. हे तर उलटेच झाले! एक किलो गॅस जळला, की दीड किलोहून अधिक पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. शिवाय बंद खोलीत विषारी कार्बन मोनॉक्साइड साचण्याचा धोका असतो.

एसीचे काय? १९०२ साली विलिस कॅरियर यांनी ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी जी यंत्रणा आखली, ती मुख्यतः हवेतली आर्द्रता ताब्यात ठेवण्यासाठी होती. दमट हवेने तिथला कागद फुगे आणि रंगीत छपाई बिघडे. एसीच्या थंड नळ्यांवर वाफेचे पाणी होते आणि ते नळीवाटे बाहेर टपकते. मात्र एसी चालू असताना खिडकी उघडी नको. भिंत २२ अंशांपर्यंत गार झाली असेल, तर तिच्यालगत १९ ग्रॅमच वाफ मावते. बाहेरून येणाऱ्या २३ ग्रॅमांतली उरलेली वाफ भिंतीवर दव होऊन बसते.

भिंतीची ओल हवेतून येते की गळतीतून, हेही ओळखता येते. ओलसर जागी वीतभर प्लास्टिकचा कागद चारी कडांनी चिकटपट्टीने लावा आणि दोन दिवसांनी पाहा. पाणी वरच्या बाजूला असेल, तर ते हवेतले. कागद आणि भिंत यांच्या मध्ये असेल, तर ते भिंतीतून आलेले. तिथे खिडकी उघडून भागणार नाही, गळतीच बंद करावी लागेल.

हिवाळा मात्र आपल्या बाजूचा! डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या दुपारी खिडक्या आणि कपाटे सताड उघडा, गाद्यांना ऊन दाखवा आणि बाहेरच्या भिंतीला टेकलेली कपाटे वीतभर पुढे ओढा. पावसाळ्यात भिंतींनी प्यालेले पाणी काढायचे दिवस हेच.

शेवटी एक प्रयोग. तव्यावर भाजून कोरडे केलेले मीठ चार बशांत सारखे घ्या आणि त्या घरात चार ठिकाणी ठेवा. एक कपाटामागे ठेवायला विसरू नका. कोणत्या बशीतले मीठ आधी ओलावते ते वहीत टिपून ठेवा. बुरशीची पहिली जागा तुम्हाला बुरशीच्या आधीच कळेल!