अमेरिकेंत वकील पाहतांना

मुलीसाठीं स्थळ पाहतांना आपण चार घरीं चौकशी करतों, जागा घेतांना जुने दस्तऐवज उलटून पाहतों. परंतु परदेशीं गेलेला आपला मुलगा तेथील सरकारदरबारीं अडला म्हणजे ज्याच्या दारीं तो प्रथम धांव घेतो, तो मनुष्य वकील आहे कीं नाहीं, एवढें देखील कोणी विचारीत नाहीं. हें आम्ही दुसऱ्यांस नांवें ठेवण्यासाठीं लिहीत नाहीं. हें आमच्याच घरीं घडलें आहे, आणि आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरचें एखादें तरी माणूस त्या देशांत असेल म्हणून तें येथें मांडीत आहों.

गेल्या वर्षीं गौरी-गणपतीच्या गडबडींत न्यू जर्सीहून आमच्या पुतण्याचा टेलिफोन आला. त्याची नोकरी सुटली होती. नोकरी काय, एक गेली तर दुसरी मिळते, असें म्हणून आम्हीं त्याला धीर दिला असता. परंतु तेथें गोष्ट निराळी आहे. एच-वन-बी या परवान्यावर राहणाऱ्या गृहस्थाची नोकरी सुटली कीं, त्याला फार तर साठ दिवसांची सवलत असते. परवान्याची मुदत त्याआधीं संपत असल्यास तितकेहि दिवस मिळत नाहींत. तेवढ्या अवधींत दुसऱ्या मालकानें त्याच्यासाठीं अर्ज केला पाहिजे, किंवा त्यानें स्वतः परवान्याचा प्रकार बदलून मागितला पाहिजे. नाहीं तर बिऱ्हाड आवरून निघावयास हवें. पुतण्याची थोरली मुलगी तीन वर्षांची असतांना तेथें गेली, ती आतां दहावींत आहे. धाकटा तर तेथेंच जन्मलेला, म्हणजे त्या देशाचा नागरिक. एकाच ताटावर बसणाऱ्या चौघांपैकीं एकाला राहण्याचा हक्क आणि तिघांना साठ दिवस, असा तो प्रसंग होता.

त्या साठांपैकीं पहिले एकवीस दिवस फुकट गेले, आणि तेहि आप्तांच्या सांगण्यावरून. सूनबाईंच्या माहेरच्या कोणीं एका ‘सल्लागारा’चें नांव सुचविलें. किराणा दुकानांच्या रांगेंत त्याची लहानशी कचेरी होती, भिंतीवर गणपतीची तसबीर होती, आणि तो आपल्या भाषेंत बोलत होता. एवढ्यावर विश्वास बसला. त्यानें तीनशें डॉलर रोख घेतले आणि पाहुणा म्हणून कांहीं महिने राहूं द्यावें, अशा अर्थाचा एक अर्ज भरून दिला. तो अर्ज सहीपूर्वीं पुतण्यानें आम्हांला टेलिफोनवर वाचून दाखविला. राहण्याचें कारण म्हणून त्यांत लिहिलें होतें कीं, अर्जदाराचे वृद्ध काका आजारी असून उपचारासाठीं अमेरिकेंत येत आहेत! ते वृद्ध काका म्हणजे आम्ही. आम्ही त्या वेळीं पुण्यांत ओसरीवर बसून घरच्यांसाठीं नारळ खवत होतों व प्रकृति ठणठणीत होती.

“हें कोणीं लिहावयास सांगितलें?” आम्हीं विचारलें.

“काका, असेंच लिहावें लागतें म्हणाले ते.”

आम्हीं त्याला अर्जाचें शेवटचें पान वाचावयास सांगितलें. दुसऱ्यानें अर्ज भरून दिला असल्यास त्याचें नांव, पत्ता व सही यांसाठीं तेथें जागा असते. ती जागा कोरी होती. चाळीस वर्षें आम्हीं मुलांच्या वह्या तपासल्या. ज्यानें नक्कल पुरविली त्याचें नांव कोणत्याहि वहीवर नसतें, हें आम्हांला ठाऊक आहे.

खोटें कारण लिहिण्याचा परिणाम तेथें फार जबर आहे. सरकारला फसविण्यासाठीं जाणूनबुजून महत्त्वाचें खोटें विधान केलें असें ठरल्यास त्या देशाचें दार जन्मभर बंद होऊं शकतें. आणि दंड भोगावा लागतो तो सही करणाराला, लिहून देणारा मोकळाच राहतो. मुदत संपून बेकायदा राहिल्यास १९९६ च्या कायद्यानें आणखी एक टांगती तलवार आहे. एकशें ऐंशीं दिवसांवर असा मुक्काम करून बाहेर पडलेल्यास तीन वर्षें, आणि वर्षभर किंवा अधिक राहिलेल्यास दहा वर्षें परत प्रवेश मिळत नाहीं. तीनशें डॉलरच्या सल्ल्यानें आमचा पुतण्या कोणत्या कड्याच्या टोकाशीं उभा होता, हें यावरून दिसेल.

आतां वकील कोण, हें सांगितलें पाहिजे. परदेशस्थांच्या प्रवेशाचा व वास्तव्याचा कायदा तेथें मध्यवर्ती सरकारचा आहे. म्हणून कोणत्याहि एका राज्याची सनद असलेला वकील हें काम दुसऱ्या राज्यांतल्या माणसासाठीं करूं शकतो. टेक्ससचा वकील न्यू जर्सीच्या कुटुंबाचा अर्ज चालवितो, यांत गैर कांहीं नाहीं. वकिलाखेरीज, न्यायखात्यानें मान्य केलेल्या धर्मादाय संस्थांतील अधिकृत प्रतिनिधींनाहि ही परवानगी असते, आणि गरजू माणसाला त्यांचा मोठा आधार होतो. बाकीच्यांनीं सांगितलेलें लिहून द्यावें, भाषांतर करावें; कोणता अर्ज करावा आणि त्यांत काय म्हणावें, हें सांगण्याचा त्यांना अधिकार नाहीं. दक्षिण अमेरिकेंतून आलेले लोक ‘नोतारियो’ या शब्दानें फसतात. त्यांच्या देशीं नोतारियो हा कायद्याचा पंडित असतो, तर अमेरिकेंत नोटरी म्हणजे केवळ सहीची साक्ष ठेवणारा. आपल्या लोकांना ‘कन्सल्टंट’ हा शब्द तसाच भोंवतो.

येथें आम्हांला आमची जुनी विद्या आठवली. मराठींत आप्त म्हणजे नातलग. परंतु न्यायशास्त्रांत आप्त तो, जो वस्तु जशी असेल तशीच सांगतो. सोयरीक असो वा नसो. वकील शोधतांना आपण पहिल्या अर्थाचा आप्त धरून बसतों आणि दुसऱ्याला मुकतों.

सनद आहे कीं नाहीं, हें पाहणें अगदीं सोपें आहे. प्रत्येक राज्याची वकिलांची नोंद लोकांना पाहण्यास खुली असते. नांव घातलें कीं सनद केव्हांची, ती चालू आहे कीं स्थगित, हें कळतें, व पुष्कळ ठिकाणीं शिस्तभंगाबद्दल शिक्षा झाली असल्यास तेंहि कळतें. या कायद्याच्या वकिलांची एक मोठी संघटना १९४६ पासून आहे. तिचें सभासदत्व असणें बरें, पण तें कांहीं परीक्षेचें प्रमाणपत्र नव्हे. टेक्सस, कॅलिफोर्निया, फ्लॉरिडा अशा कांहीं राज्यांत मात्र या शाखेंतील विशेषज्ञ म्हणून परीक्षा घेऊन मान्यता देतात. जाहिरातीविषयीं आपल्या मनांत एक घोटाळा असतो. आपल्याकडे वकिलानें जाहिरात करणें नियमाविरुद्ध, म्हणून जाहिरात करणारा तो हलका, असें आपण धरतों. तेथें १९७७ पासून सर्वोच्च न्यायालयानेंच ती मोकळी केली आहे. तेव्हां जाहिरातीवरून कोणाला हलका समजूं नये आणि थोरहि समजूं नये.

दुसरा घोटाळा याहून मोठा आहे, आणि सुशिक्षित मुलेंच त्यांत सांपडतात. पुतण्या म्हणे, “माझा वकील आहेच कीं, इतकीं वर्षें माझे कागद तोच करीत होता.” तो वकील नेमला होता कंपनीनें आणि त्याची फी देत होती कंपनी. कायम वास्तव्यासाठीं मजूरखात्याचा जो दाखला लागतो, त्याच्या कामीं मालकाच्या वकिलाचा खर्च मालकानेंच सोसावा, असा नियमच २००७ पासून आहे. नोकरी सुटल्यावर पुतण्यानें त्या वकिलाला गांठलें, तेव्हां त्यानें सौजन्यानें पण स्पष्ट सांगितलें कीं, आतां आपण स्वतःचा वकील पाहावा. आमच्या मतें नोकरी चांगली चालू असतांनाच वर्षा-दोन वर्षांतून एकदां स्वतःच्या पैशानें स्वतंत्र वकिलाकडून सगळे कागद तपासून घ्यावेत. पुतण्याचा आय-१४० हा अर्ज पूर्वींच मंजूर झालेला होता. त्यामुळें नोकरी गेली तरी रांगेंतला त्याचा जुना क्रमांक टिकतो, ही मोठी जमेची बाजू खुद्द त्यालाच ठाऊक नव्हती.

मग तो तीन वकिलांना भेटला. पहिल्यानें “हमखास होईल” म्हणून सांगितलें. सरकारच्या मनांतलें हमखास सांगणाराकडे आम्हीं त्याला परत जाऊं दिलें नाहीं. दुसरे गृहस्थ नामांकित होते, परंतु त्यांची हयात हद्दपारीच्या खटल्यांत गेलेली. त्यांनीं स्वतःच सांगितलें कीं, हें माझें रोजचें काम नव्हे. असा वकील विरळा. पुतण्यानें त्यांचे आभार मानले. तिसऱ्या एक बाई होत्या. त्यांनीं फीविषयीं बोलण्याआधीं शेवटचा पगार कोणत्या तारखेपर्यंतचा, पारपत्राची मुदत केव्हांची, पत्नीनें कधीं काम केलें काय, असे वीस-पंचवीस प्रश्न विचारले, मग दोन वाटा दाखविल्या आणि प्रत्येक वाटेवर कोठें पाय घसरेल तेंहि सांगितलें. सल्लागाराचा तो अर्ज पाहून त्या म्हणाल्या, “हा टपालांत पडला नाहीं, हें तुमचें दैव.”

अनुभवी वकील म्हणजे पिकल्या केसांचा, असें आम्ही आजवर समजत होतों. परंतु या कायद्याच्या पोटांत नोकरीचे परवाने, कुटुंबाचे अर्ज, आश्रयाची मागणी, हद्दपारीचे खटले असे वेगवेगळे उद्योग आहेत, आणि आपल्यासारखीं किती प्रकरणें त्यानें गेल्या एक-दोन वर्षांत चालविलीं, हाच खरा प्रश्न आहे. कारण नियम वारंवार बदलतात. कचेरींत गेल्यावर आपले कागद प्रत्यक्ष कोण पाहणार, तो वकील कीं त्याचा कारकून, हेंहि विचारून घ्यावें.

त्या बाईंनीं फी ठोक सांगितली, सरकारी शुल्क त्याहून वेगळें दाखविलें आणि सर्व लिहून दिलें. न्यू जर्सींत नव्या अशिलाला फीचा हिशेब लेखी देणें वकिलांवर बंधनकारकच आहे. मग आपल्याकडील वकीलपत्रासारखा जी-२८ नांवाचा कागद झाला. तो दाखल झाला म्हणजे सरकारहि वकिलाला ओळखतें. अर्ज पोंचल्यावर जी पावती येते तिच्यावर तीन अक्षरें आणि दहा आंकडे असा क्रमांक असतो. त्यावरून अर्ज कोठवर आला, हें अशिलाला घरबसल्या पाहतां येतें. जो वकील हा क्रमांक देण्यास आढेवेढे घेईल, त्यानें अर्ज दाखल केला आहे काय, अशी शंका घ्यावी.

वकिलाच्या शहाणपणाचें मोल काय असतें, याचा एक जुना दाखला देतों. सखाराम गणेश पंडित हें नांव वाचून आमच्या वाचकांचे कान टवकारतील. हे गृहस्थ १९१४ मध्यें अमेरिकेचे नागरिक झाले व पुढें कॅलिफोर्नियांत वकिली करूं लागले. १९२३ मध्यें भगतसिंग थिंद यांच्या खटल्यांत, हिंदी मनुष्य कायद्याच्या अर्थानें ‘गोरा’ नव्हे, सबब नागरिक होऊं शकत नाहीं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानें दिला. थिंद यांच्या बाजूच्या वकिलांत पंडित होते. पाठोपाठ सरकारनें आधीं दिलेलीं नागरिकत्वें काढून घेण्यास आरंभ केला आणि खुद्द पंडितांवरच दावा लावला. आपल्या नागरिकत्वाचा निकाल न्यायासनापुढें एकदां लागला आहे, त्यावर विसंबून आपण घरदार, व्यवसाय, संसार उभा केला, आतां तो वाद पुन्हा उकरूं नये, असें त्यांचें म्हणणें होतें. १९२६ मध्यें अपील न्यायालयांत ते जिंकले, आणि पुढच्या वर्षीं सर्वोच्च न्यायालयानें सरकारचा अर्ज ऐकण्याचें नाकारलें. हिंदी लोकांना नागरिकत्वाचें दार १९४६ च्या कायद्यानें उघडलें, म्हणजे त्यानंतर वीस वर्षांनीं.

पुतण्याचें पुढें असें झालें. बाईंनीं पाहुण्याच्या परवान्याचा खरा अर्ज तयार करून ठेवला. आवराआवर करण्यास आणि मुलीची सहामाही होईपर्यंत वेळ हवा, एवढेंच कारण त्यांत होतें. तो पाठविण्याची वेळ आली नाहीं. छपन्नाव्या दिवशीं एका लहान कंपनीचा अर्ज त्याच्यासाठीं दाखल झाला. पगार पूर्वींपेक्षां कमी आहे. सल्लागाराकडचे तीनशें डॉलर परत मिळाले नाहींत. पावतीचा क्रमांक त्यानें रात्रीं साडेअकरा वाजतां आम्हांला कळविला, आणि आमच्या सौ.नीं तो पंचांगाच्या मागच्या पानावर, दूधवाल्याच्या हिशेबाखालीं, लिहून ठेविला आहे.