ठरलेलं मोडून झालेली मुखपृष्ठं

‘रोलिंग स्टोन’चा पहिला अंक ९ नोव्हेंबर १९६७ या तारखेचा. मुखपृष्ठावर जॉन लेनन आहे, पण हातात गिटार नाही, डोक्यावर सैनिकी शिरस्त्राण आहे. ‘हाऊ आय वन द वॉर’ या चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी काढलेला तो फोटो. सॅन फ्रान्सिस्कोत यान वेनर आणि राल्फ ग्लीसन यांनी ७,५०० डॉलर जमवून अंक काढला होता. मुखपृष्ठासाठी हाताशी जे आलं ते छापलं. पुढे ज्या मासिकाचं मुखपृष्ठ मिळणं हीच रॉक संगीतातली पावती ठरली, त्याची सुरुवात ही अशी.

बॅरन वोल्मन हा पहिला मुख्य छायाचित्रकार. पगार घेणार नाही, पण फोटोंचे हक्क माझे, या बोलीवर तो आला. सुरुवातीचं त्याचं बरंचसं काम मैफिलीतलं, कलाकाराच्या अगदी जवळ जाऊन केलेलं. मात्र फेब्रुवारी १९६९ च्या अंकासाठी त्याने बँडच्या मागे फिरणाऱ्या तरुणींना साध्या पडद्यासमोर उभं केलं. दिवे, धूर, गर्दी, सगळं वगळलं. मासिकाचं पुढचं बरंचसं काम या निर्णयातून आलं, असं मला वाटतं. मैफिलीतल्या फोटोत वाद्य आणि प्रकाश दिसतात. रिकाम्या पडद्यासमोर माणूस लपू शकत नाही.

मुखपृष्ठाच्या फोटोचं गणित वेगळंच असतं. छायाचित्रकाराला पूर्ण चौकट मिळतच नाही. वरचा पट्टा मासिकाच्या नावाचा. ‘रोलिंग स्टोन’ची ती वळणदार अक्षरं सायकेडेलिक पोस्टरं करणाऱ्या रिक ग्रिफिनने काढली होती. कडेला मथळे येणार, म्हणून खांद्यांच्या आजूबाजूची जागा मुद्दाम शांत ठेवायची. डोकं अक्षरांवर किती चढवायचं हेही आधीच ठरवावं लागतं. नाव वाचकांच्या ओळखीचं झालं की दोन-तीन अक्षरं केसांमागे गेली तरी चालतात, आणि मग चेहरा कागदाच्या पुढे आल्यासारखा वाटतो. चौरस निगेटिव्हवर काम करणाऱ्याला तर उभी चौकट मनातल्या मनातच आखावी लागते. हे सगळं डोक्यात ठेवून समोरच्या माणसाशी गप्पाही मारायच्या.

ॲनी लीबोविट्झ १९७० मध्ये आली तेव्हा सॅन फ्रान्सिस्को आर्ट इन्स्टिट्यूटची विद्यार्थिनी होती. त्या डिसेंबरात वेनर लेननची मुलाखत घ्यायला न्यूयॉर्कला निघाला, तेव्हा मला न्या, माझा खर्च कमी येईल, असं तिने त्याला पटवलं. तिथे ती १०५ मिलिमीटरच्या लेन्समधून प्रकाश मोजत होती. खरा फोटो त्यानंतर काढायचा होता. तेवढ्यात लेननने वर पाहिलं, नजर तशीच ठेवली, आणि तिने बटण दाबलं. २१ जानेवारी १९७१ च्या अंकावर तोच कृष्णधवल चेहरा आला. तयारी चालू असताना टिपलेली नजर ठरवून काढलेल्या फोटोंपेक्षा सरस आहे, हे ओळखणं मला त्या क्लिकइतकंच मोलाचं वाटतं.

मासिक रंगीत होऊ लागलं तेव्हा कागदाने अडवलं. वर्तमानपत्राचा कागद शाई पितो, रंग गढूळ होतात. लीबोविट्झ प्रामुख्याने कृष्णधवल शिकलेली. तिने उपाय काढला तो पोस्टरचा: फ्लॅशचा कडक उजेड, मोजके ठळक रंग, लांबूनही ओळखू येणारा आकार. १९७९ मध्ये ब्लूज ब्रदर्सचे चेहरे निळे रंगवले, बेट मिडलरला गुलाबांच्या ढिगात झोपवलं. कल्पना एका वाक्यात सांगता येईल अशी आणि छपाई खराब झाली तरी टिकेल अशी. स्वस्त कागदाच्या अडचणीतून एक शैली जन्माला आली.

८ डिसेंबर १९८० ला ती न्यूयॉर्कच्या डकोटा इमारतीत लेननच्या घरी गेली. मासिकाला एकटा लेनन हवा होता. पत्नी योकोशिवाय फोटो नको, असं त्याचं म्हणणं. नुकत्याच आलेल्या ‘डबल फँटसी’ अल्बमवर दोघांच्या चुंबनाचा फोटो होता. तो लीबोविट्झच्या मनात होता. दोघांनी कपडे उतरवावेत अशी तिची कल्पना. योकोने फक्त वरचे कपडे काढायची तयारी दाखवली, तेव्हा लीबोविट्झने झटकन सांगितलं, मग सगळेच राहू दे. फोटो घडला तो इथे. पूर्ण कपड्यांत निश्चल पडलेली योको, आणि तिला बिलगलेला, बाळासारखा मुडपलेला विवस्त्र लेनन. मूळ कल्पनेप्रमाणे दोघंही तसेच असते तर ते प्रेमाचं एक चित्र झालं असतं. एकाच्याच उघडेपणामुळे त्यात गरज आली, आधार आला. चाचणीचा पोलरॉइड पाहूनच दोघांना तो आवडला.

त्याच रात्री इमारतीच्या दाराशी लेननवर गोळ्या झाडल्या गेल्या. २२ जानेवारी १९८१ च्या अंकावर वेनरने हा फोटो एकही मथळा न देता छापला. विक्रीसाठी शब्द लागतात हा मुखपृष्ठाचा पहिला नियम; तो मोडण्याइतका समंजसपणा त्या दिवसांत त्याच्याकडे होता, याचं मला आजही कौतुक वाटतं. २००५ मध्ये अमेरिकन सोसायटी ऑफ मॅगझिन एडिटर्सने आधीच्या ४० वर्षांतलं सर्वोत्तम मुखपृष्ठ म्हणून याचीच निवड केली.

लीबोविट्झ १९८३ मध्ये ‘व्हॅनिटी फेअर’कडे गेली, तोवर तिच्या नावावर १४२ मुखपृष्ठं होती. पुढच्या काळात मार्क सेलिगरने शंभराहून जास्त केली. त्यातलं १६ एप्रिल १९९२ चं मला सर्वांत प्रिय आहे. मुखपृष्ठासाठी अक्षरं असलेला शर्ट कोणी घालू देत नाही, कारण ती मथळ्यांशी भांडतात. गायक कर्ट कोबेन मात्र हाताने मजकूर लिहिलेला टी-शर्ट घालून उभा राहिला. कॉर्पोरेट मासिकं अजूनही भिकार आहेत, अशा अर्थाचा मजकूर, थेट या मासिकालाच उद्देशून. तो फोटो टाळता आला असता, कापता आला असता. मासिकाने तो छापला, आणि शर्टावरचा मजकूर स्पष्ट वाचता येईल असाच छापला.

ऑक्टोबर २००८ च्या अखेरीस मासिकाने आपला मोठा आकार सोडला आणि इतरांसारखं लहान पान घेतलं. छपाईचा, विक्रीचा हिशेब त्यामागे असणार, तरी मला ते खटकतं. लेनन-योकोचा फोटो लहान पानावर ठेवून पाहा: त्याच्या दुमडलेल्या पायांपासून तिच्या मोकळ्या केसांपर्यंत नजरेला जे अंतर कापायला लागायचं, ते उरतच नाही.