बालकाची गती, पालकांचा धडा

तीन वर्षांचे मूल सदऱ्याची गुंडी लावण्याची खटपट करीत असते. कामाच्या घाईत आई ती चटकन लावून देते. वेळ वाचतो, परंतु बालकाची शिकण्याची संधी हुकते. बालकाच्या कलाने कसे घ्यावे, याचा आदर्श आज पालघर जिल्ह्यात असलेल्या बोर्डी येथे सापडतो. तेथे १९४५ साली ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. मोठ्यांनी आपली चाल बदलावी, हाच त्यातील बोध. गुंडीपायी गेलेली पाच मिनिटे बालकाला स्वावलंबन आणि पालकांना संयम शिकवितात. प्रत्येक घराने ती आवर्जून राखून ठेवावीत.