मॉरिशसच्या दारांत

परदेशगमनाविषयीं आपल्या समाजांत एके काळीं जो संकोच होता तो आतां उरलेला नाहीं. समुद्रोल्लंघनाबद्दल प्रायश्चित्त घ्यावें कीं न घ्यावें यावर ज्या घरांतून वाद माजत, त्याच घरांतील आजीबाई आज नातवाचा हात धरून विमानांत बसतात, आणि मुंबई सोडल्यापासून सुमारें साडेसहा तासांत हिंदी महासागर ओलांडून मॉरिशसला उतरतात. प्रवास सुलभ झाला खरा. परंतु परक्या देशाचें दार ओलांडण्याची रीत पुष्कळांस अद्यापि अवगत झालेली नाहीं. अधिकारी प्रश्न विचारूं लागला कीं कांहीं मंडळी गोंधळतात, कांहीं रागावतात, आणि 'आम्ही काय चोर आहोंत?' असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट उमटतो. ही चौकशी कां होते हें एकदां ध्यानांत आलें म्हणजे राग ओसरतो व तयारी नीट होते, असें आम्हांस वाटतें. म्हणून आधीं कारण आणि मग व्यवहाराच्या चार गोष्टी, असा क्रम आम्ही येथें ठेविला आहे.

दार इतकें कां जपतात?

मॉरिशस हें मादागास्करच्या पूर्वेस, विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारें २० अंशांवर असलेलें, दोन हजार चौरस किलोमीटरच्या आसपास विस्ताराचें बेट आहे. चहूंकडून समुद्र असल्यामुळें जें बाहेरून येतें तें बंदरांतून किंवा विमानतळावरूनच येतें. आणि जें एकदां आंत शिरलें तें पुनः बाहेर घालविणें जवळजवळ अशक्य होतें. डोडो पक्ष्याची कथा सर्वांस ठाऊक आहे. इ. स. १५९८ मध्यें डच लोक येथें उतरले. त्यांच्या गलबतांबरोबर उंदीर, डुकरें व माकडें आलीं, आणि शंभर वर्षें पुरीं होण्याच्या आंत हा उडतां न येणारा पक्षी पृथ्वीवरून नाहींसा झाला.

माणसांवर गुदरलेला प्रसंग याहून भयंकर होता. १८६६-६७ च्या सुमारास हिवतापाची सांथ या बेटावर पसरली व हजारों माणसें दगावलीं. डासामुळें हिवताप पसरतो हा शोध हिंदुस्थानांत लावणारे रोनाल्ड रॉस यांस १९०७ सालीं तेथें मुद्दाम पाचारण करण्यांत आलें होतें. दीर्घ प्रयत्नांनीं १९७३ मध्यें बेट हिवतापमुक्त ठरलें. पण १९७५ च्या चक्रीवादळानंतर रोगानें पुनः डोकें वर काढलें, आणि त्याचें निर्मूलन व्हावयास आणखी वीस-बावीस वर्षें लागलीं. २००५-०६ मध्यें चिकुनगुन्या व २०१६ मध्यें गुरांचा लाळ-खुरकत रोग, असे पाहुणेहि तेथें येऊन गेले. इतकें सोसलेल्या घरानें उंबरठ्यावर पाय धुवावयास सांगितलें, तर त्यांत पाहुण्याचा अपमान तो कोणता?

कागदपत्रांची सिद्धता

भारतीय नागरिकास केवळ सहलीसाठीं जावयाचें असल्यास मॉरिशसचा व्हिसा आधीं काढावा लागत नाहीं. या सवलतीमुळें एक घातक समज पसरला आहे. व्हिसा नको याचा अर्थ प्रवेशाचा हक्क मिळाला असा नव्हे. प्रवेश द्यावा कीं न द्यावा हें उतरल्यावर तेथील अधिकारी ठरवितो. परतीचें तिकीट आहे काय, राहण्याची निश्चित जागा कोणती, खर्चापुरता पैसा जवळ आहे काय, हीं तीन गोष्टींचीं उत्तरें त्यास हवीं असतात. यांच्या छापील प्रति हातांतील पिशवींत ठेवाव्या; सर्व कांहीं फोनमध्यें आहे असें म्हणणाऱ्याचा फोन नेमका त्याच वेळीं बंद पडतो. आप्तांकडे उतरावयाचें असल्यास यजमानाचें पत्र, पूर्ण पत्ता व दूरध्वनीचा क्रमांक बरोबर असावा. पासपोर्टची मुदत निदान सहा महिने शिल्लक असावी हें बरें.

प्रवासापूर्वीं आरोग्य व प्रवेश यांविषयींचा एक फॉर्म ऑनलाइन भरावा लागतो. त्यास शुल्क नाहीं. म्हणून जेथें त्यासाठीं पैसे मागतात तें संकेतस्थळ सरकारी नव्हे असें खुशाल समजावें. नियम वरचेवर बदलतात, याकरितां निघण्याच्या आठवड्यांत मॉरिशसच्या उच्चायुक्तालयाची माहिती पुनः एकवार पाहावी.

आपल्या कुटुंबांतून वारंवार उद्भवणारी अडचण नांवाची. पासपोर्टवर माहेरचें नांव, तिकिटावर सासरचें; एके ठिकाणीं पतीचें नांव मध्यें, दुसरीकडे तें गाळलेलें. आपणांस ही एकच व्यक्ति दिसते. परंतु विमान कंपनीच्या कारकुनास त्या दोन स्त्रिया दिसतात. तिकीट काढतांना पासपोर्ट समोर उघडून अक्षर न् अक्षर ताडून पाहावें. आई किंवा वडील यांपैकीं एकजणच मुलास घेऊन जात असेल तर दुसऱ्याचें संमतिपत्र जवळ असावें.

स्वस्त तिकिटाच्या मोहानें कित्येकजण आफ्रिकेंतून वळसा घेऊन जातात. पीतज्वराचा प्रादुर्भाव असलेल्या देशांत, उदाहरणार्थ केनियांत, मुक्काम करून पुढें जाणाऱ्यास त्या रोगाची लस घेतल्याचा दाखला लागतो. हिंदुस्थानांत परत येतांनाहि तो मागतात. लस टोंचल्यावर दहा दिवसांनीं तो ग्राह्य होतो, हें विसरूं नये.

पेटीत काय घालावें, काय वगळावें

गृहिणींची खरी परीक्षा येथें असते. परदेशीं जाणाऱ्याच्या पेटींत लोणचें, मेतकूट, गोडा मसाला व लाडू घातल्याखेरीज आपल्या मनाचें समाधान होत नाहीं. कोरडे, भाजलेले व बंद पाकिटांतील पदार्थ त्यांतल्या त्यांत सोयीचे. तथापि तेहि विचारल्यास दाखवावे. लोणच्याची बरणी हातांतील सामानांत चालत नाहीं, कारण द्रव वा तेलकट पदार्थ १०० मिलिलिटरहून अधिक मापाच्या भांड्यांत बरोबर नेतां येत नाहींत. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तर विमानांत मुळींच नेऊं नयेत; त्यांतील तेलामुळें त्या आपोआप तापून पेट घेण्याचा संभव असतो.

याहून कडक नियम सजीव वनस्पतींचे व मातीचे आहेत. माती व ऊस मॉरिशसमध्यें नेण्यास बंदी आहे. फळें, बियाणें व रोपें यांवर निर्बंध असून झाडपाला जें कांहीं असेल तें जाहीर करावें लागतें. उसावर त्या बेटाचा संसार दीर्घकाळ चालला आहे. एका कांड्यांतून आलेला रोग शेतेंच्या शेतें बुडवूं शकतो. तेव्हां लेकीच्या अंगणासाठीं तुळशीचें रोप, त्याच्या मुळाशीं घरची माती, तुळशीच्या लग्नासाठीं उसाचीं कांडीं, अशी भेट कितीहि प्रेमाची असली तरी ती घरींच ठेवावी. पेढे, तूप वगैरे दुधाच्या पदार्थांविषयीं शंका असेल तर तेहि वगळावे. शंका असून वस्तु जवळ असेलच तर जकातीच्या अधिकाऱ्यास आपण होऊन सांगावें. सांगितलेली वस्तु फार तर काढून घेतात. लपविलेल्या वस्तूमुळें दंड होतो व अब्रूहि जाते.

विद्युत् सिगारेटी आणि सिगारेट वळण्याचे कागद यांवरहि तेथें बंदी आहे. पांच लक्ष मॉरिशस रुपये किंवा त्याहून अधिक मोलाची रोकड असल्यास ती जाहीर करावी लागते. आपल्याकडून जातांना भारतीय रुपयाच्या नोटा २५,००० पर्यंतच नेतां येतात.

औषधें

वृद्धांच्या औषधांची हयगय कोणी करूं नये. झोंपेच्या, मनःशांतीच्या व तीव्र वेदनाशामक गोळ्या आपल्याकडे घरोघरीं दिसतात, पण मॉरिशसमध्यें अशा औषधांस तेथील आरोग्यखात्याची पूर्वपरवानगी लागते. डॉक्टरांचें मूळ पत्रक, त्यांत औषधाचें शास्त्रीय नांव, व गोळ्या मूळ वेष्टनांत, असा शिरस्ता ठेवावा. आठवड्याच्या डबींत सोडून ठेवलेल्या निनांवी गोळ्या कोणासहि संशयास्पदच वाटणार. शेजाऱ्याच्या आप्तासाठीं म्हणून दिलेलें बंद पुडकें कदापि स्वीकारूं नये. मादक द्रव्यांविषयींचा कायदा तेथें अत्यंत कठोर आहे, आणि ज्याच्या पेटींत वस्तु सांपडते तोच जबाबदार धरला जातो.

उतरल्यावर

विमानतळ बेटाच्या आग्नेय भागांत आहे, व त्यास देशाचे पहिले पंतप्रधान सर शिवसागर रामगुलाम यांचें नांव दिलेलें आहे. घड्याळ दीड तास मागें करावें. हिवताप असलेल्या देशांतून आलेल्या प्रवाशांवर तेथील आरोग्यखातें देखरेख ठेवतें. पत्ता लिहून घेतात, आणि कधीं कधीं मागाहून येऊन रक्ताचा नमुनाहि घेतात. यांत भिण्याजोगें कांहीं नाहीं. पत्ता खरा द्यावा, व ताप आल्यास अंगावर न काढतां डॉक्टरांकडे जावें.

वृद्धांसाठीं चाकांची खुर्ची हवी असल्यास विमान कंपनीस निदान दोन दिवस आधीं कळवावें. इंग्रजी न येणाऱ्या आजीआजोबांच्या हातीं यजमानाचा पत्ता, दूरध्वनि व परतीचा दिनांक इंग्रजींत स्वच्छ लिहिलेला कागद द्यावा. एवढ्या एका कागदानें त्यांची निम्मी भीति नाहींशी होते.

राजधानी पोर्ट लुई विमानतळापासून सुमारें ४५ किलोमीटर आहे. टॅक्सींत बसण्यापूर्वींच भाडें ठरवावें. फेब्रुवारी २०२४ पासून आपली यूपीआय पद्धति तेथें सुरू झाली आहे. तरीहि थोडे स्थानिक रुपये जवळ असावेत. ऋतु आपल्याहून उलट: नोव्हेंबर ते एप्रिल उन्हाळा व पाऊस, आणि त्यांतच चक्रीवादळें. जानेवारी २०२४ मध्यें बेलाल वादळाच्या वेळीं विमानतळ बंद ठेवावा लागला होता. म्हणून त्या दिवसांत जाणाऱ्यानें दोन दिवस पुरेल इतका जादा खर्च व औषधें बाळगावीं. परततांना समुद्रांतील पोवळीं व शंख आठवण म्हणून उचलूं नयेत. बेटाचें धन बेटावरच राहूं द्यावें.

वेळ काढून पोर्ट लुई येथील आप्रवासी घाट अवश्य पाहावा. करारबद्ध मजूर म्हणून १८३४ पासून सुमारें साडेचार लाख हिंदी माणसें या बेटावर आलीं. त्यांत कोंकणांतून गेलेलीं मराठी कुटुंबेंहि होतीं. १८४९ पासून त्यांची नोंद या घाटावर होऊं लागली. त्या मंडळींस दोन दिवस अडवून तपासीत, प्रत्येकास क्रमांक देत, आणि मग उसाच्या मळ्यांवर पाठवीत. परतीचें तिकीट हातीं असलेला प्रवासी व तो मजूर यांची तुलना होऊं शकत नाहीं. परंतु त्याच मजुरांचे वंशज आज त्या देशाचे नागरिक आहेत. मराठी भाषा तेथील शाळांतून शिकवितात, व गणेशचतुर्थीस सार्वजनिक सुटी असते. विमानतळावरील खिडकीपलीकडून आपला पासपोर्ट मागणारा अधिकारी कदाचित् त्यांपैकींच एखाद्याचा पणतू असेल. पूर्वजांनीं कष्टानें उभें केलेलें घर तो राखीत आहे. त्यास शांतपणें, खरें व थोडक्यांत उत्तर द्यावें. पाहुणा शहाणा असेल तर यजमानास फार विचारावें लागत नाहीं.