होजिअरीचा टॉप घरी शिवायचाय? आधी कापड ताणून बघा

बालाघाटच्या मैत्रिणींनो, आपल्या वारासिवनीच्या हातमागाला २०२३ मध्ये जीआय मानांकन मिळालं, त्याचा अभिमान आहेच. पण ते कापड उभ्या-आडव्या धाग्यांचं, ते ताणलं जात नाही. टी-शर्टचं होजिअरी कापड फाशाफाशांचं, म्हणून ताणतं. होजिअरीच्या टॉपचा पॅटर्न हातमागाच्या कापडावर बेतलात तर टॉप डोक्यावरून खाली उतरणारच नाही!

विकतच्या पॅटर्नच्या पाकिटावर बहुधा ताण मोजायची पट्टी छापलेली असते. कापड दुमडून तिथे धरा आणि ताणा. शेवटच्या रेषेपर्यंत सहज पोचलं तरच घ्या. माप छातीच्या इंचांवरून निवडा, रेडिमेडच्या एल-एक्सएलवरून नाही. आणि मायेचं (शिवणीसाठी सोडायच्या जादा कापडाचं) नीट वाचा: सिम्प्लिसिटी, मॅककॉल्समध्ये ती सहसा धरलेली असते (५/८ इंच, म्हणजे साधारण दीड सेंमी), बुर्डा मासिकात मात्र आपणच सोडायची.

सुती होजिअरी आटते, कापण्याआधी धुवाच.

सुई बॉलपॉइंट, ७५/११ नंबरची. साधी सुई फासे तोडते, मग टाके सुटतात आणि आपण बिचाऱ्या मशीनला शिव्या घालतो. दोरा पॉलिस्टरचा, टाका अगदी अरुंद झिगझॅग. ओव्हरलॉक नसलं तरी काही अडत नाही. जुनं पायमशीन फक्त सरळ टाका घालत असेल, तर कापड किंचित ताणून शिवा.

गळ्याची रिबपट्टी गळ्याच्या घेरापेक्षा सुमारे १५ टक्के आखूड कापा, नाहीतर गळा लोंबतो.

बालाघाटात चांगली रिब कुठे मिळते, माहीत असेल तर खाली नक्की सांगा.