स्पॅनिश दुनळी घ्यायची तर आधी काय मोजायचं?

ज्यांना इयरफोन लावण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित अवतार. बोलताना आलेले ‘अं’ आणि ‘म्हणजे काय की’ काढून टाकलेत, आणि रेकॉर्डिंगमध्ये घाईघाईत सांगितलेली आकडेमोड इथे नीट मांडली आहे.

विषय एका श्रोत्याच्या मेसेजमधून आला. गडी विस्कॉन्सिनमध्ये असतो, उंची ५ फूट ५ इंच, आणि ग्राउसच्या शिकारीचा नाद लागलेला. त्याने लिहिलं, “दादा, दोन स्पॅनिश दुनळी बंदुका बघून ठेवल्यात. एक आया नंबर दोन, जुनी, १२ बोअर, साइडलॉक, नक्षी बघत राहावी अशी. दुसरी आया चार-त्रेपन्न, २० बोअर, बॉक्सलॉक, दिसायला साधी. पैसे एकदाच घालायचेत. कुठली घेऊ?”

(हो, कंपनीचं नाव आयाच. आगिरे इ आरान्साबाल या दोन आडनावांची आद्याक्षरं. हसून घ्या आणि पुढे चला.)

माझं मत आधीच सांगतो. नक्षी शेवटी बघायची. आधी दस्ता अंगाला बसतो का, मग वजन आणि काडतूस यांचं जमतं का, आणि मग नळ्यांची तब्येत. या तिन्हीत जी पास होईल ती बंदूक घ्यायची, मग तिच्यावर फुलं कोरलेली असोत किंवा नसोत.

आता ज्यांना हे जगच नवीन आहे त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. ‘अपलँड’ म्हणजे पाणथळीतले नव्हेत, तर कोरड्या माळावरचे, झुडपातले, जंगलातले पक्षी. आपल्याकडचे तितर, लावे त्याच जातकुळीतले. अर्थात आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे ती शिकार हा विषय संपलेला आहे, त्यामुळे इथलं सगळं बोलणं अमेरिकेपुरतं. तिथे मिनेसोटा-विस्कॉन्सिनच्या जंगलात रफ्ड ग्राउस आणि वुडकॉक, डाकोटाच्या बाजूला फेझंट. शिकार म्हणजे काय, तर कुत्र्यामागे दिवसभर चालणं. आठ-दहा किलोमीटर चालायचं आणि बार काढायचे चार-पाच. पक्षी पायाखालून भर्रकन उठतो आणि तुम्हाला दीड-दोन सेकंद मिळतात.

म्हणजे ही बंदूक मुख्यतः वाहून नेण्याची वस्तू आहे. दोन नळ्या शेजारी-शेजारी असलेली दुनळी इथे लोकांना आवडते, कारण ती हातात चपटी बसते, वजन दोन हातांच्या मधे राहतं आणि काडतुसं घालताना फार उघडावी लागत नाही. शिवाय दोन चाप. पुढचा चाप उजव्या नळीचा, तिचे छर्रे लवकर पसरतात. मागचा चाप डाव्या नळीचा, ती जरा लांबच्या पक्ष्यासाठी. कुठली नळी उडवायची हे बोटच ठरवतं, बटण नाही की सेटिंग नाही. इतका चांगला यूजर इंटरफेस मी ऑफिसात फारसा बघितलेला नाही.

मग स्पॅनिशच का? कारण एबार. उत्तर स्पेनच्या बास्क भागात, बिल्बाओ आणि सान सेबास्तियानच्या मधे, डोंगरात दाबून बसवल्यासारखं हे गाव. शतकानुशतकं इथे बंदुकाच बनत आल्या. सायकलवाल्यांना ओर्बेआ आणि बीएच ही नावं माहीत असतील. दोन्ही मूळचे एबारचे बंदूकवाले. अल्फा शिलाई मशीनसुद्धा तिथलंच. नळी अचूक घासता येणाऱ्या हातांनी पुढे सायकलच्या नळ्या केल्या, इतकं सरळ आहे ते. या गावाने इंग्रजी बंदुकांचे नमुने उचलले आणि त्याच पद्धतीची, हाताने जुळवलेली दुनळी लंडनच्या किमतीच्या एका तुकड्यात द्यायला सुरुवात केली. आया नंबर एक आणि नंबर दोन ही हॉलंड अँड हॉलंडच्या पद्धतीची साइडलॉक. आरिएता, गार्बी, ग्रुया हेही त्याच रांगेतले (ग्रुया म्हणजे स्पॅनिशमध्ये क्रौंच पक्षी). पेद्रो आरिसाबालागा म्हणजे त्यातलं अगदी वरचं टोक, तिथे फक्त उत्तम दर्जाचीच बंदूक बनायची.

साइडलॉक आणि बॉक्सलॉक यावर लोक रात्र-रात्र भांडतात, म्हणून त्यात नक्की फरक काय ते बघू. बॉक्सलॉकमध्ये घोडा, कमान वगैरे यंत्र मधल्या पोलादी ठोकळ्याच्या पोटात असतं. ही रचना १८७५ची, बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्समधल्या अँसन आणि डीली या दोघांची. भाग कमी, मजबूत, आणि नळ्या खाली वाकवल्या की घोडे आपोआप चढतात. साइडलॉकमध्ये तेच यंत्र दोन बाजूंच्या पट्ट्यांवर बसवलेलं असतं. पट्ट्या मोठ्या म्हणून नक्षीला जागा मिळते, आणि चाप हलका व स्वच्छ लावता येतो.

पण साइडलॉकचा खरा फायदा नक्षीच्या मागे लपलेला असतो. बहुतेक दुनळी बंदुकांचा सेफ्टी खटका फक्त चाप अडवतो, घोडा अडवत नाही. बंदूक दगडावर आपटली आणि धक्क्याने घोडा सुटला, तर खटका काही करू शकत नाही. चांगल्या साइडलॉकमध्ये यासाठी एक जादा अडसर असतो. चाप ओढलेला नसताना घोडा सुटला तर तो त्याला वाटेतच पकडतो. डोंगर, ओंडके, तारेची कुंपणं ओलांडत चालणाऱ्याला हा जादा अडसर हवासा वाटणारच. मात्र त्याच्या भरवशावर भरलेली बंदूक घेऊन कुंपण ओलांडू नका. कुंपण आलं की बंदूक उघडायची आणि काडतुसं बाहेर काढायची. बॉक्सलॉकवाल्यानेही तेच, साइडलॉकवाल्यानेही तेच. ही सवय असेल तर साध्या बॉक्सलॉकमध्ये कमीपणा काही नाही.

आता वजन. डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर या इंग्रज बंदूककाराचा एक जुना हिशेब आहे: बंदूक छर्‍यांच्या वजनाच्या ९६ पट असावी, म्हणजे धक्का सोसवतो. २८ ग्रॅम छर्‍यांचं काडतूस असेल तर २८ गुणिले ९६, म्हणजे साधारण २.७ किलो. ३२ ग्रॅमचं असेल तर ३ किलोच्या थोडं वर. गंमत म्हणजे स्पॅनिश २० बोअर साधारण २.७च्या आसपास भरते आणि १२ बोअर ३च्या आसपास. २० बोअरमध्ये २८ ग्रॅम, १२ बोअरमध्ये ३२ ग्रॅम, हिशेब चोख. हलकी २० बोअर घेऊन तिच्यात जड मॅग्नम काडतुसं कोंबणारे लोक आहेत. त्यांचा खांदा त्यांना लखलाभ. ग्राउससाठी २८ ग्रॅम भरपूर झाले, कारण बार बहुतेक वेळा २०-२५ मीटरच्या आतच असतो. दिवसभर हातात ३०० ग्रॅम कमी असणं संध्याकाळी चार वाजता कळतं.

आता खरा मुद्दा, दस्ता. रायफलला मागे-पुढे नेम धरायला दोन खुणा असतात. छर्‍यांच्या बंदुकीला मागची खूण नसते, तुमचा डोळाच मागची खूण. गाल दस्त्यावर टेकला की डोळा नळ्यांच्या मधल्या पट्टीवर बरोबर यायला हवा. दोन सेकंदांत ‘अ‍ॅडजस्ट’ करायला वेळ नसतो. हिशेब करून बघा: डोळ्यापासून नळीच्या टोकावरच्या मण्यापर्यंत साधारण ९० सेंटिमीटर. डोळा ३ मिलिमीटर वर राहिला आणि पक्षी २७ मीटरवर असला, तर अंतर ३० पट, म्हणून चूकही ३० पट. छर्‍यांचा झुपका ९ सेंटिमीटर वर जातो. डोळा बाजूला सरकला तर झुपकाही तेवढाच बाजूला. आणि ही चूक प्रत्येक बाराला होते. माणूस म्हणतो माझा नेम वाईट, खरं तर दस्ता दुसऱ्या कुणाच्या तरी मापाचा असतो.

आणि इथेच जुन्या आया नंबर दोनची गोम आहे. यातल्या बऱ्याच ब्रिटिश ग्राहकांसाठी केलेल्या, दस्ता चापापासून मागच्या टोकापर्यंत १५ इंचांच्या आसपास. आपल्या साडेपाच फुटी मंडळींना तो बहुतेक वेळा लांब पडतो. वर थंडीचं जाडजूड जॅकेट. बंदूक खांद्याला लावताना दस्त्याची टाच काखेत अडकते आणि तोवर ग्राउस पुढच्या काउंटीत पोचलेला असतो. लांब दस्ता कापता येतो, अक्रोडाचं लाकूड उष्णता देऊन थोडं वाकवताही येतं, चांगला गनस्मिथ दोन्ही करतो. पण तो खर्च किमतीत आधीच धरा. कापताना तोलही बदलतो, मागचं वजन गेलं की तोंड जड वाटू लागतं. एबारच्या कारागिरांची खरी ताकद मापावर बंदूक करून देण्यात होती आणि आहे. ऑर्डर देताना लांबी, उतार, बाजूचा वाक, सगळं तुमच्या अंगावरून घेतलेलं. सेकंडहँड घेताना तुम्ही दुसऱ्याचं शिवलेलं शर्ट घेताय, एवढं ध्यानात ठेवा. ट्राय गन, म्हणजे सगळीकडे स्क्रूने हलणारा दस्ता असलेली मापाची बंदूक, असलेल्या ठिकाणी एकदा आपली मापं घ्या आणि फोनमध्ये सेव्ह करून ठेवा. मग कुठल्याही जाहिरातीतले आकडे त्याच्याशी ताडता येतात.

पुढचा मुद्दा सुरक्षिततेचा, त्यामुळे स्क्रोल करू नका. जुन्या स्पॅनिश बंदुकांपैकी काहींचं चेंबर ६५ मिलिमीटरचं असतं. अमेरिकेत दुकानात मिळणारं साधं काडतूस पावणेतीन इंचांचं, म्हणजे ७० मिलिमीटरचं. काडतुसावरची लांबी उडाल्यानंतरची असते. न उडालेलं काडतूस तोंड दुमडलेलं असल्यामुळे आखूड असतं, म्हणून ७० चं काडतूस ६५ च्या चेंबरमध्ये आरामात बसतं. बंदूक बंद होते, काही अडत नाही, कुठली एरर येत नाही. उडवल्यावर मात्र दुमड उघडायला जागा पुरत नाही, ती पुढच्या निमुळत्या भागात घुसते आणि दाब वाढतो. म्हणून नळ्या काढून खालच्या बाजूचे शिक्के वाचायचे. एबारच्या सरकारी चाचणीगृहाचे शिक्के असतात, चेंबरची लांबी मिलिमीटरमध्ये असते, आणि १९२७ पासून वर्ष सांगणारं सांकेतिक अक्षरही असतं. चोकच्या जागी छोट्या चांदण्या असतात. एक चांदणी म्हणजे सगळ्यात घट्ट, चार चांदण्या म्हणजे बरीच मोकळी. जुन्या बंदुका ग्राउससाठी बऱ्याचदा फार घट्ट निघतात. घट्ट चोक मोकळी करता येते, उलटं जवळपास नाही.

चोकशी जोडलेली दुसरी भानगड म्हणजे स्टीलचे छर्रे. मिनेसोटात फेडरल ‘वॉटरफाउल प्रॉडक्शन एरिया’ नावाच्या सार्वजनिक जमिनी आहेत. तिथे फेझंट मारायलासुद्धा शिशाचे छर्रे चालत नाहीत. स्टील शिशासारखं दबत नाही, आणि जुन्या पातळ, घट्ट नळ्यांना ते फुगवू शकतं. बिस्मथचे छर्रे मऊ असतात, ते चालतात, पण खिसा हलका होतो. ज्याची बहुतेक शिकार अशा जमिनींवर होणार, त्याने काडतुसांचा वर्षाचा खर्चही बंदुकीच्या किमतीत मोजावा. किंवा स्टीलसाठी चाचणी झालेली नवी बंदूक बघावी.

एच-वन-बीवाल्यांसाठी एक कायद्याची गोष्ट. नॉन-इमिग्रंट व्हिसावर असणाऱ्याला फेडरल कायद्याने बंदूक बाळगायला बंदी आहे. राज्याचं वैध हंटिंग लायसन्स असेल तर त्याला अपवाद आहे. लायसन्स संपलं की अपवादही संपला, बंदूक कपाटात असली तरी. रिन्यूअलचा रिमाइंडर लावा.

आता विस्कॉन्सिनच्या मित्राला उत्तर. फोटोंवरून नंबर दोनचा दस्ता १५ इंचांचा, चेंबर ६५ चं, दोन्ही नळ्या घट्ट. चार-त्रेपन्नचं चेंबर ७० चं, दस्ता सव्वाचौदा इंच. मी चार-त्रेपन्न घेईन. नंबर दोनवर मन फारच अडकलं असेल, तर दस्ता आणि चोकचं काम धरून किंमत सांगा, आणि ६५ मिलिमीटरची काडतुसं सहज मिळतात का हे आधी बघा.

पैसे देण्याआधी काय करायचं? बरेच डीलर काही दिवसांची तपासणीची मुदत देतात, ती मागून घ्या आणि बंदूक गनस्मिथकडे न्या. पुढची लाकडी पकड काढून बंद बंदूक हलवली तर नळ्या आणि ठोकळ्यामध्ये खुटखुट येता कामा नये. नळ्या सुट्या टांगून टिचकी मारली तर घंटेसारखा आवाज यावा. बद्द आवाज आला तर मधली पट्टी सुटली असू शकते. यंत्राचे भाग हाताने घासून बसवलेले असतात, एका बंदुकीचा भाग दुसरीत बसेलच असं नाही. त्यामुळे चाप आणि खटका डमी काडतुसांवर तपासून घ्या, कारण मोडलेला भाग नव्याने घडवावा लागेल. आणि नळ्यांच्या भिंतीची जाडी गेजने मोजून घ्या. अर्ध्या मिलिमीटरखाली कुठेही गेली असेल तर मी ती बंदूक हातात धरत नाही. डीलर जाडी मोजू देत नसेल, तर पुढची जाहिरात उघडा.