भात सोडला, पोळ्या वाढल्या

मधुमेहाचं निदान झालं की घरात पहिली कुऱ्हाड भातावर पडते. 'भात पूर्ण बंद, आता फक्त पोळी-भाकरी' हे इतक्या ठामपणे सांगितलं जातं की पोळीत साखर वाढवणारं काही नसतंच, असं ऐकणाऱ्याला वाटावं. जरा हिशेब करा. 30 ग्रॅम कणकेच्या मध्यम पोळीत सुमारे 20 ग्रॅम कर्बोदकं असतात आणि लहान वाटीभर, म्हणजे 100 ग्रॅम शिजलेल्या भातात सुमारे 28. भाताची ती वाटी काढून दोन पोळ्या वाढल्या तर ताटातली कर्बोदकं 12 ग्रॅमनी वाढतात. पिष्ट तांदळातलं असो की गव्हातलं, आतड्यात त्याचं ग्लुकोजच होतं. बटाट्याची भाजी असेल तर तीही त्याच खात्यात जमा.

यावर शंका असेल तर आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीचा 2025 मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये आलेला शोधनिबंध पाहावा. भारतीयांच्या आहारातल्या सुमारे 62 टक्के कॅलरी कर्बोदकांतून येतात, असं त्यात आढळलं. पांढऱ्या तांदळाऐवजी गव्हाचं किंवा भरडधान्याचं पीठ खाल्लं, पण एकूण कर्बोदकं तेवढीच राहिली, तर मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसला नाही. कर्बोदकांतला थोडा वाटा डाळी-कडधान्यांच्या किंवा दूध-दह्याच्या प्रथिनांनी घेतला, तिथे मात्र धोका कमी दिसला. हा निरीक्षणावर आधारलेला अभ्यास आहे, प्रयोग नव्हे. तरी भात-पोळीचा वाद मिटवायला तो पुरेसा आहे.

'पण पांढऱ्या भाताने मधुमेह होतो हे सिद्धच झालंय ना?' हा आक्षेप अगदीच निराधार नाही. 21 देशांतल्या 'प्युअर' अभ्यासात (2020) जास्त भात खाणाऱ्यांना मधुमेहाचा धोका अधिक आढळला, आणि हा संबंध दक्षिण आशियात सर्वांत ठळक होता. पण 'जास्त' म्हणजे रोज 450 ग्रॅम किंवा त्याहून अधिक शिजलेला भात! वरणासोबत वाटीभर भात खाणाऱ्याला तो निष्कर्ष लावणं हा निव्वळ अन्याय आहे. दुसरा आक्षेप भाकरीच्या बाजूने येतो. ज्वारी-बाजरीत तंतुमय पदार्थ पांढऱ्या तांदळापेक्षा जास्त असतात, हे खरंच. पण धान्य बारीक दळलं की त्यातलं पिष्ट लवकर पचतं, आणि दीड भाकरीची जागा तीन भाकऱ्यांनी घेतली की तो फायदा ताटातच संपतो. आपले आजोबा तीन भाकऱ्या खात असतील, पण दिवसभर शेतात राबणारे स्नायू ते ग्लुकोज वापरून टाकत होते. खुर्चीत बसून ते होत नाही.

मग कर्बोदकं पार सोडावीत का? तेही नको. 2018 मध्ये 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ'मध्ये आलेल्या अभ्यासात कर्बोदकं फार कमी आणि फार जास्त घेणाऱ्या, दोन्ही टोकांच्या लोकांमध्ये मृत्यूचं प्रमाण अधिक होतं; सर्वांत कमी होतं ते 50 ते 55 टक्के कॅलरी कर्बोदकांतून घेणाऱ्यांत.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. गूळ ही मुख्यतः साखरच आहे. त्यातल्या चिमूटभर खनिजांनी रक्तातली साखर थांबत नाही. साबुदाणा जवळपास निव्वळ पिष्ट आहे, उपवास असला तरी. 'शुगर-फ्री' बिस्किटांत मैदा असतोच. फळांना घाबरू नका, पण त्यांचा रस काढून पिऊ नका.

तेव्हा भात की पोळी हा वाद सोडा आणि दोन्ही मोजून घ्या. वरणाचं पाणी करू नका, ते घट्ट ठेवा. उसळीची वाटी मोठी करा, जेवणात दही असू द्या. मात्र इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर कर्बोदकं एकदम कमी करू नका. साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. आधी डॉक्टरांशी बोलून औषधाचं प्रमाण ठरवून घ्या.